अंतर किलोमीटरचे, हिशेब मिनिटांचा: नागपूरच्या विमानप्रवाशांचे प्रश्न

लग्नसराई आणि सुट्ट्यांची तिकिटे काढायचे दिवस आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे वळतो. नकाशावर अंतर थोडे दिसते, मग वेळ एवढा का लागतो? यंदा आलेल्या प्रश्नांतले निवडक येथे घेतले आहेत. अंतरे सर्वत्र विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ हवाई रेषेत मोजलेली आहेत आणि वेळा साधारण आहेत. प्रत्यक्ष प्रवासाला तुमच्या तिकिटावरचीच वेळ प्रमाण माना.

प्रश्न : नागपूर-मुंबई हवाई अंतर ६८३ किलोमीटर. विमान ताशी ८३० किलोमीटरने उडते असे वाचले. म्हणजे पन्नास मिनिटांत पोहोचायला हवे. तिकिटावर मात्र १ तास ३५ मिनिटे लिहिली आहेत. उरलेला पाऊण तास कुठे जातो? (त्रिमूर्तीनगर)

तिकिटावर लिहिलेला वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढून ते जागचे हलते, तिथून मोजणी सुरू होते. मुंबईत ठरलेल्या जागी लागून चाकांखाली पुन्हा ठोकळे बसले की ती संपते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. आता हा दीड तास सुटा करून पाहू.

विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे यात नागपुरात दहा-बारा मिनिटे जातात. आपल्याकडे धावपट्टी एकच आहे, ३,२०० मीटरची. गर्दी फारशी नसते, त्यामुळे इथे वेळ वाया जात नाही. पुढे चढाई. दहा हजार फुटांखाली विमानाला साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा असते. ३५ हजार फुटांवर पोहोचायला वीसेक मिनिटे लागतात आणि तोवर सुमारे २०० किलोमीटर मागे पडलेले असतात.

उतरण्याचा हिशेब वैमानिक दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल असा धरतात. ३५ हजार फुटांना १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९४ किलोमीटर. वेग कमी करायला आणखी थोडे अंतर लागते. म्हणजे मुंबई २०० किलोमीटर दूर असतानाच उतरण सुरू होते आणि तिला पंचवीस मिनिटे लागतात. ६८३ मधून चढाई-उतरणीचे ४०० वजा करा. ज्या ताशी ८३०च्या वेगावर तुमचे सगळे गणित उभे आहे, तो वेग मिळतो जेमतेम २८० किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटे.

बेरीज झाली ७७ मिनिटे. बाकीची मिनिटे मुंबई खाते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. चारही दिशांनी येणारी विमाने एका रांगेत बसवायची, तर कुणाला वेग कमी करायला सांगतात, कुणाला वळसा घालायला लावतात, तर कुणाला आकाशात घिरट्या घालायला. उतरल्यावर जागेपर्यंत जायला पुन्हा सात-आठ ते पंधरा मिनिटे. या रांगेचा अंदाज बांधून कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात. म्हणूनच कधी कधी विमान 'वेळेच्या पंधरा मिनिटे आधी' पोहोचते. त्या दिवशी रांग नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. वैमानिक 'उड्डाणाचा वेळ एक तास पाच मिनिटे' अशी घोषणा करतात, तो फक्त हवेतला वेळ असतो. तिकिटावरच्या आकड्याशी तो जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

याच कारणाने दूरच्या प्रवासात वेळ अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. नागपूर-दिल्ली ८५० किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईच्या सव्वापट. तरी वेळ दहा-पंधरा मिनिटांनीच जास्त. वाढलेले सगळे किलोमीटर पूर्ण वेगाच्या टप्प्यातले असतात.

प्रश्न : एकाच प्रवासाचे अंतर एका ठिकाणी ३६९, दुसऱ्या ठिकाणी ४२४ आणि तिसऱ्या ठिकाणी ६८३ दाखवतात. खरे कोणते? (इंदोरा)

तिन्ही खरे. पहिला आकडा नॉटिकल मैलांत, दुसरा साध्या मैलांत आणि तिसरा किलोमीटरमध्ये आहे. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. विमान वाहतुकीचे काम नॉटिकल मैल आणि नॉट यांतच चालते. एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

प्रश्न : झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद ३१८ मैल कोरलेले आहे. त्याचे ५१२ किलोमीटर होतात. हवाई अंतर मात्र ४३३ सांगतात. खांबावरचे मोजमाप चुकले होते का? (धंतोली)

मुळीच नाही. खांबावरची अंतरे जमिनीवरच्या वाटेची आहेत. रस्ता नदीचा उतार बघतो, घाट टाळतो, मधली गावे जोडत जातो. विमानाला यातले काही लागत नाही. जबलपूरचेही तसेच. खांबावर १७० मैल, म्हणजे २७४ किलोमीटर आहेत आणि सरळ रेषेत शहर ते शहर अंतर २४५च्या आसपास भरते.

आणखी एक बारकावा आहे. खांब शहराच्या मध्यापासून मोजतो, तर हवाई अंतर विमानतळापासून मोजतात. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला आहे. म्हणून शहर ते शहर धरले तर दहाएक किलोमीटर कमी होतात.

रस्ता किंवा रूळ सरळ रेषेपासून किती फिरतो, हे दर मार्गाला वेगळे असते. हैदराबादला जुन्या रस्त्याने अठरा टक्के जास्त पडतात. मुंबईला रेल्वेने ८३७ किलोमीटर, म्हणजे बावीस-तेवीस टक्के जास्त. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, तिथून मुंबई शहर पुढे राहते, हे लक्षात घेऊनही तो हवाई रेषेला फार धरून जातो. पुण्याचा फेर सगळ्यांत मोठा. हवेतून ६०५ किलोमीटर, तर भुसावळ-मनमाड-दौंड मार्गे रेल्वेने नागपूरच्या अजनी स्थानकापासून ८८१.

प्रश्न : हवाई अंतर स्वतः काढता येते का? मुलांना भूगोलाच्या प्रकल्पासाठी हवे आहे. (मानेवाडा)

येते, आणि दहावीच्या गणितात बसते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व.

आधी अक्षांशांतला फरक २.०० अंश. एका अक्षांशाचे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २२२ किलोमीटर. मग रेखांशांतला फरक ६.१८ अंश. इथे थेट १११ने गुणायचे नाही. मुले सर्वांत जास्त चुकतात ती इथेच. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून १११ला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. मधला अक्षांश २०.०९, त्याचा कोसाइन ०.९३९. म्हणजे ६.१८ × १११ × ०.९३९ = ६४४ किलोमीटर पूर्व-पश्चिम. आता पायथागोरस. २२२चा वर्ग अधिक ६४४चा वर्ग, त्याचे वर्गमूळ ६८१. नेमके उत्तर ६८३च्या घरात आहे. दोन किलोमीटरचा फरक आपण आकडे गोल केल्यामुळे आणि पृथ्वीचा पृष्ठभाग सपाट धरल्यामुळे पडतो.

देशातल्या देशात ही रीत बिनधास्त वापरा, आखातापर्यंतही चालते. युरोप-अमेरिकेसाठी मात्र नको. तिथे सर्वांत जवळची वाट पृथ्वीगोलावर वाकून खूप उत्तरेकडून जाते आणि एकच मधला अक्षांश धरून भागत नाही. प्रकल्पात हे दाखवायचे असेल तर पृथ्वीगोलावर नागपूर आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो सपाट नकाशावरच्या रेषेच्या कितीतरी वरून जाताना दिसेल.

प्रश्न : जानेवारीत कोलकात्याहून परत येताना जातानापेक्षा जास्त वेळ लागला. मार्ग तोच, विमानही त्याच प्रकारचे. मग फरक कशाचा? (वर्धमाननगर)

वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. नागपूरच्या पट्ट्यात तो ताशी ८० किलोमीटर असणे काही विशेष नाही. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ८३० असेल, तर पूर्वेकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने तो ९१० होतो आणि पश्चिमेकडे येताना ७५०.

नागपूर-कोलकाता ९८५ किलोमीटर. चढाई-उतरण वगळून ५८५ किलोमीटर राहतात. जाताना त्यांना ३९ मिनिटे, येताना ४७. चढाई-उतरणीतही थोडा फरक पडतो, म्हणून एकूण दहा-बारा मिनिटांचा फेर धरा. मुंबईला तो पाच-सात मिनिटांचा असतो, आणि दिशा उलटी. हिवाळ्यात मुंबईला जाताना जास्त, परतताना कमी. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून वाहतो, पण आपल्या पट्ट्यात त्याचा जोर कमी असल्याने प्रवाशाला जाणवत नाही. दिल्ली आणि बंगळूर हे मार्ग दक्षिणोत्तर आहेत. तिथे वारा बाजूने लागतो, त्यामुळे जाण्या-येण्यात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : मे महिन्यातल्या दुपारच्या विमानात हादरे जास्त का बसतात? (काटोल रोड)

जमीन तापते, गरम हवेचे लोट वर चढतात आणि विमान त्यांतून जाते. त्रास चढाईच्या आणि उतरणीच्या पहिल्या-शेवटच्या काही मिनिटांपुरताच असतो, वर गेल्यावर थांबतो. त्यात धोका काही नाही, पट्टा मात्र बांधलेला ठेवा. त्रास होणाऱ्यांनी सकाळचे पहिले विमान घ्यावे. गरम हवा विरळ असल्याने उड्डाणाला धावपट्टीही जास्त लागते, पण आपल्या ३,२०० मीटरमध्ये ती गरज सहज भागते.

प्रश्न : पुण्याला कोथरूडला मुलाकडे जायचे आहे. विमानाने खरोखर किती वेळ वाचतो? (प्रतापनगर)

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजा. घरून विमानतळ अर्धा तास. पावणेदोन तास आधी पोहोचणे. बॅग देण्याचे काउंटर साधारण तासभर आधी आणि गेट पंचवीस मिनिटे आधी बंद होते, त्यामुळे यात काटकसर करू नका. विमानाचा ब्लॉक टाइम दीड तास. उतरून बॅग मिळायला पंचवीस मिनिटे. लोहगावहून कोथरूड संध्याकाळच्या गर्दीत सव्वा तास. एकूण सव्वापाच ते साडेपाच तास, त्यातला हवेतला वेळ जेमतेम एक तास.

अजनी-पुणे वंदे भारत सुमारे बारा तास घेते. घर ते अजनी आणि पुणे स्टेशन ते कोथरूड धरून तेरा तास झाले. म्हणजे विमानाने सात-आठ तास वाचतात. पण पुण्याचा धावपट्टीचा कारभार हवाई दलाकडे आहे आणि नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मोजक्या असतात. त्यामुळे विमान मध्यरात्री किंवा पहाटे पोहोचत असेल, तर वाचलेले तास झोपेतून वजा होतात. एकट्या माणसाला, थोड्या सामानासह आणि सोयीच्या वेळेचे विमान मिळत असेल, तर आम्ही विमान सुचवू. ज्येष्ठ जोडपे, सोबत पापड-लोणच्यांचे डबे आणि घाई नाही, असे असेल तर बसल्या जागी पोहोचवणारी गाडी बरी.

मेट्रोने विमानतळ गाठणार असाल तर एक लक्षात ठेवा. सीताबर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या मार्गावरचे एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे. टर्मिनल तिथून बरेच आत आहे. सामान घेऊन चालत जाण्याचा विचार करू नका, जोडवाहनासाठी पंधरा-वीस मिनिटे वेगळी ठेवा.

प्रश्न : दोहाच्या तिकिटावर नागपूरहून सुटण्याची वेळ पहाटे ३.४५ आणि पोहोचण्याची ५.४५ लिहिली आहे. दोनच तासांत विमान आखातात कसे पोहोचते? परतीचा प्रवास मात्र संध्याकाळी ७.३० ते पहाटे २, म्हणजे साडेसहा तास! (मोमिनपुरा)

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. दोहाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. जाताना अडीच तास मिळवा, म्हणजे साडेचार तास. परतताना अडीच वजा करा, म्हणजे चार तास. अंतर २,८४० किलोमीटर आहे. जाता-येताचा अर्ध्या तासाचा फरक वर सांगितलेल्या पश्चिमेच्या वाऱ्याचाच. शारजा आणि दुबई यांच्यासाठी हा फरक दीड तासाचा धरायचा.

याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. तिकिटावर '१२ तारीख, रात्री १२.१५' असे असेल, तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्री नऊ-सव्वानऊला विमानतळावर असायला हवे. १२च्या रात्री सामान घेऊन पोहोचलात तर विमान जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेले असेल. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेतले तिकीट काढले की कागदावर 'घरून निघायचे : अमुक वार, रात्री अमुक वाजता' असे लिहून ठेवा आणि गाडी सांगताना तोच वार सांगा. पहाटे पोहोचणाऱ्या परतीच्या विमानासाठीही तसेच करा. तुमचे विमान ज्या संध्याकाळी सुटेल, न्यायला येणाऱ्याने त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे यायचे आहे.

प्रश्न : पूर्वी रात्री सोनेगावला चारही दिशांनी टपालाची विमाने यायची असे वडीलधारी माणसे सांगतात. हे खरे का? आणि नागपूरच का? (महाल)

खरे आहे. रात्रीची हवाई टपाल सेवा १९४९मध्ये सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास इथून विमाने रात्री निघत, नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परत जात.

नागपूरच का, ते अंतरे सांगतात. मुंबई ६८३, दिल्ली ८५०, चेन्नई ९००च्या थोडे पुढे, कोलकाता ९८५. त्या काळची डाकोटा विमाने ताशी २७० किलोमीटरच्या आसपास उडत. सर्वांत जवळच्या मुंबईहून अडीच तास, सर्वांत दूरच्या कोलकात्याहून पावणेचार तास. रात्री निघालेले विमान मध्यरात्रीनंतर नागपुरात, आणि उजाडेपर्यंत घरी. चार महानगरांना एका रात्रीत असे जोडता येईल, असे दुसरे मोठे शहर देशात सापडणे कठीण होते.

प्रश्न : संध्याकाळचे मुंबईचे विमान वारंवार उशिरा सुटते. आधी कळण्याचा काही मार्ग? आणि रद्द झाले तर प्रवाशाला काय मिळते? (जरीपटका)

तुमचे विमान बहुधा दुसरीकडून येते, अर्ध्या-पाऊण तासात साफसफाई आणि इंधन उरकून परत जाते. म्हणून आपल्या उड्डाणाची स्थिती बघण्याबरोबर येणाऱ्या विमानाचीही बघा. ते मुंबईहूनच अजून निघाले नसेल, तर फलकावर काहीही लिहिलेले असो, तुमचे वेळेवर सुटणार नाही. मुंबईहून निघाल्यापासून ते परत उडेपर्यंत किमान सव्वादोन तास धरा. दिवसभराचा उशीर एकावर एक साचत जातो, त्यामुळे संध्याकाळची विमाने जास्त अडकतात. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात लख्ख ऊन असले तरी दिल्लीच्या सकाळच्या धुक्याचा फटका दुपारी इथे बसतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा, मुलाखत किंवा परदेशी विमान असेल, तर दिवसातले शेवटचे विमान घेऊ नका. तरीही घरून तिकिटावरच्या वेळेच्या हिशेबानेच निघा. उशीर जाहीर झाला तरी काउंटर मूळ वेळेप्रमाणे बंद होऊ शकते.

हक्कांच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ब्लॉक टाइमवरच ठरतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ सर्व देशांतर्गत विमानांना, दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणे-पिणे कंपनीने द्यायचे. ते मागून घ्या. देशांतर्गत विमानाला उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड तुमची.

पूर्वसूचना न देता रद्द केल्यास भरपाई मिळते. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. मुंबई, पुणे, दिल्ली हे मार्ग मधल्या गटात येतात. खराब हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रण यांसारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर भरपाई नाही.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष नसते. तिकीट काढताना तुमचा स्वतःचा संपर्क क्रमांक दिलेला नसेल, तर भरपाईचा हक्क जातो. एजंट स्वतःचाच नंबर टाकतात आणि रद्द झाल्याचा संदेश त्यांच्याकडे पडून राहतो. तिकीट हातात आल्याबरोबर तो नंबर तपासा आणि आपला घालून घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी बोर्डिंग पास आणि आलेले संदेश जपून ठेवा.

प्रश्न : नवी मुंबईच्या विमानाला वेळ कमी लागतो का? (खामला)

हवेत एक-दोन मिनिटांचाच फरक. अंतर ६६७ किलोमीटर आहे, जुन्या विमानतळापेक्षा सोळा किलोमीटर कमी. खरा फरक जमिनीवर पडतो. पनवेल, वाशी, ठाण्याच्या दक्षिणेचा भाग किंवा पुण्याच्या वाटेवर जायचे असेल तर नवी मुंबई सोयीची. अंधेरी-बोरिवलीला जायचे असेल तर नको. तिकीट काढताना नुसते 'मुंबई' वाचून पैसे भरू नका, विमानतळाचे सांकेतिक नाव बघा. जुन्याचे बीओएम, नवीनचे एनएमआय. जुन्या विमानतळावर टर्मिनल एक आहे की दोन, हेही बघून ठेवा. पुढचे विमान पकडायचे असेल आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी असतील, तर दोन्ही विमाने एकाच विमानतळावरची हवीत. एकातून दुसऱ्यात जाण्याच्या भरवशावर तिकीट काढायचेच असेल, तर मध्ये पाच-सहा तास ठेवा.